ज्या राज्यात कशाचीच माती होईना

एका राज्यात जे काही होते ते दोन-दोन होते. वेशी दोन, नद्या दोन, राजवाड्याला जिने दोन, आणि जिवांची कुळेही दोनच. जे चालते ते चर, जे रुजते ते अचर. तिसरे काढले की भांडण लागते, असे राजा धवलकीर्ती म्हणत असे. राजा वाईट नव्हता. त्याला नीटनेटकेपणा फार आवडे, आणि नीटनेटकेपणा त्याला दोनांपलीकडे झेपत नसे.

वर्षातून एकदा त्या राज्यात मानाचा दिवस भरे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राज्यातले झाडून सारे जीव राजवाड्याच्या पटांगणात येत. हत्ती येई, मुंगी येई. झाडेसुद्धा येत, त्या एका दिवसापुरती मुळे उचलून घेण्याची त्यांना मुभा होती. चरांना मानाचा गूळ मिळे, अचरांना मानाचे पाणी. ज्याला मान मिळाला तो राज्याचा, आणि राज्य त्याचे, अशी रीत होती.

कोण कुठल्या पंगतीला बसणार हे ठरवायची कुळकरीण. तिचे नाव धृपदा. राज्यातल्या साऱ्या जिवांची कुळे लिहिलेली पोथी तिच्याकडे असे. पोथीचा एकच कायदा होता: ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने खोडावे, दुसऱ्याने खोडल्यास शाई पुन्हा वर येते. धृपदाबाई शहाणी होती, कामाला चोख होती. मानाच्या दिवशी ती येणाऱ्याला एकच प्रश्न विचारी, "चालता की रुजता?" आणि उत्तर येताच लिहून मोकळी होई.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. घरी तिची सात वर्षांची लेक राणू तापाने फणफणली होती. सूर्य कलला होता, रांग संपता संपत नव्हती, आणि अशात रांगेच्या अगदी शेवटी एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्यावर रुंद करडी टोपी, एकच पाय, आणि दाढीचे पांढरे धागे मागे पार वेशीपर्यंत लोळत आलेले. त्याच्या अंगाला ओल्या जंगलाचा वास येत होता.

"नाव?" धृपदाने विचारले.

"कवकनाथ. अळंबी, भूछत्रे, बुरशी, यीस्ट, सगळा माझाच गोतावळा."

"चालता की रुजता?"

"पसरतो," कवकनाथ म्हणाला.

आता हे उत्तर ऐकून कोणीही लेखणी खाली ठेवली असती. धृपदानेही एरवी ठेवली असती. पण तिचे कान घरच्या दिशेने लागले होते. चालत नाही म्हणजे रुजतो, असे तिने मनाशी म्हटले आणि भरकन लिहिले: अचर, वनस्पतींचे कूळ, शेवटची पंगत.

"बाई, माझ्या अंगावर हिरवे काय दिसले तुम्हाला?" कवकनाथाने शांतपणे विचारले.

धृपदा पोथी मिटून उठलीही होती. उत्तर दिले ते सिंहासनावरून राजाने. तो हसून म्हणाला, "कुत्र्याची छत्री ती! मिळाली जागा हेच पुष्कळ समजा. द्या त्याला घोटभर पाणी."

सारा दरबार हसला. कवकनाथाने पाण्याला हात लावला नाही. त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "राजा, आजपासून तुझ्या राज्यात कशाचीही माती होणार नाही."

राजाला परमानंद झाला. कशाचीही माती होणार नाही! ना कोणाच्या संसाराची, ना कोणाच्या कर्तृत्वाची, ना पिकाची, ना कीर्तीची! एवढा आशीर्वाद तर आजवर कोणा ऋषीने दिला नव्हता. राजाने उठून त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि गावभर साखर वाटायचा हुकूम सोडला. कवकनाथाने शाल घेतली, नारळ घेतला, दाढीचे धागे गोळा केले आणि तो रानात निघून गेला. शाप ऐकून शाल देणारा राजा तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नसेल.

पाचव्या दिवशी राणू गेली.

त्या राज्यात माणसाला जाळत नसत. गावाबाहेर एक राई होती, तिथे पानांची शेज करून तीवर निजवत, वरून पुन्हा पाने घालत. दोन-चार महिन्यांत त्या जागी काळीभोर माती होई. मग घरचे लोक तिथे एखादे बी टोचत, आणि त्याला कोंब फुटला म्हणजे सुतक फिटे. धृपदाने आपल्या हातांनी लेकीला निजवले. महिना गेला, दुसरा गेला. चौथ्या महिन्यात तिने बी टोचायला पाने बाजूला केली, तर राणू होती तशीच होती. गाल तेच, पापण्या त्याच, कपाळावरची पडल्याची खूण तीच.

धृपदाने पाने पुन्हा नीट घातली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती राईत जाऊ लागली. पाने सारायची, लेकीचे केस सारखे करायचे, दिवसभरात काय काय झाले ते सांगायचे आणि घरी यायचे. शापाचा अर्थ तिला त्याच दिवशी कळला होता. कोणाच्या हातून चूक झाली तेही कळले होते. ती कोणाशी काही बोलली नाही.

पहिले वर्ष लोकांनी मजेत काढले. आंबे नासत नव्हते, तुळया कुजत नव्हत्या, चामड्याला बुरा येत नव्हता. तक्रार आधी केली ती ताडी पिणाऱ्यांनी, कारण ताडी आंबेना. पण त्यांचे ऐकतो कोण? दुसऱ्या वर्षी गळलेली पाने गुडघ्यापर्यंत साचली. पडलेली झाडे पडली तशीच राहिली, त्यांच्याखालून वाट काढावी लागे. शेणाचे खत होईना. उकिरडे वेशीहून उंच झाले. जमिनीत जे सत्त्व होते ते पिकांनी ओढून घेतले, आणि नवे परत काही येईना. तिसऱ्या वर्षी ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडली. मोठमोठी झाडेही मलूल झाली, कारण त्यांच्या मुळांना विळखा घालून दूरदूरचे पाणी आणून देणारे ते पांढरे धागे कवकनाथ बरोबर घेऊन गेला होता. एवढा मोठा वृक्ष, पण त्याचे पाणी दुसराच कोणी भरत होता, हे त्या वर्षी साऱ्यांना समजले.

राजाने पंडित जमवले. पंडितांनी एकवीस दिवस चर्चा करून सांगितले, की महाराज, 'माती होणे' या शब्दाचे अर्थ दोन आहेत. राजा म्हणाला, "या एका ठिकाणी तरी दोन नसते तर बरे झाले असते!" मग त्याने विचारले, "त्याला परत कोण आणील?" सगळे खाली पाहू लागले. धृपदाही खाली पाहत होती.

त्याच संध्याकाळी राईत एक धनेश पक्षी तिच्यासमोर फांदीवर येऊन बसला. मोठी पिवळी चोच, चोचीवर शिंग, आणि पंख इतके गळालेले की फांदीवर नीट तोल राहीना.

"बाई," धनेश म्हणाला, "माझी बायको झाडाच्या ढोलीत आहे. आमच्या रीतीप्रमाणे तिने दार लिंपून घेतले आहे. चोच जाईल एवढीच फट. आत दोन पिल्ले आहेत. फळे नेऊन द्यायचे काम माझे. तीन कोसांत एका उंबराला फळ नाही."

"मी काय करू?" धृपदा म्हणाली.

"तू काय करायचे ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षे मी तुला या फांदीवरून पाहतो आहे." धनेशाने पानांकडे मान वळवली. "तुझी लेक उद्याही अशीच असेल. माझी पिल्ले असणार नाहीत."

धृपदाला फार राग आला. ती पक्ष्याला हुसकावून लावायला उठली, आणि उठल्यावर तिला रडू फुटले. बराच वेळ ती रडली. मग तिने डोळे पुसले, पोथी झोळीत घातली, शिदोरी बांधली आणि म्हणाली, "वाट दाखव."

रानाच्या अगदी मध्यभागी एक बेहड्याचे झाड आडवे पडले होते. त्याच्याखाली कवकनाथ शाल पांघरून बसला होता. भोवती पांढऱ्या धाग्यांच्या गुंड्या रचून ठेवल्या होत्या. नारळ तसाच होता.

धृपदा वाकून म्हणाली, "माझी चूक झाली. परत चला. मी खोडते."

"खोडून मग काय लिहाल?"

धृपदाने पोथी उघडली. तीत कुळे दोनच होती.

"चर लिहाल? मी चालत नाही. अचर लिहून पाहिलेत. क्षमा मागणे सोपे, बाई. मला ओळखणे अवघड. तीन साक्षी गाठा. पहिला, जो जागचा हलत नाही आणि तरी प्राणी आहे. दुसरी, जी शिकार करते आणि तरी वनस्पती आहे. तिसरे, जे एका नावाने राहते आणि दोघे आहेत. तिघांना एकच प्रश्न विचारा."

"कोणता?"

"तो माझ्याकडे मागू नका," कवकनाथ म्हणाला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

न हलणारा प्राणी कुठे शोधायचा? धृपदा कपाळाला हात लावून बसली. धनेश तिच्या गळ्याकडे पाहून म्हणाला, "ते लाल मणी कसले?"

"पोवळ्याचे. पोवळे म्हणजे दगड. पोथीच्या मागे रत्नांची यादी आहे, तीत मी लिहिले आहे."

"समुद्रावरचे पक्षी वेगळे सांगतात."

ती सात दिवस चालून समुद्राशी गेली. समुद्राने तिला तळापर्यंत वाट दिली, कारण त्याच्या माशा-खेकड्यांची कुळे तिने आजवर बिनचूक लिहिली होती. तळाशी कड्याला लागून पोवळ्याचे लाल झुडूप होते.

"तू चालतोस की रुजतोस?" तिने सवयीने विचारले.

"आम्हाला हा प्रश्न कोणी विचारत नाही," पोवळे म्हणाले. ते एका आवाजात बोलले, पण त्या आवाजात हजार आवाज होते. "आम्ही घर बांधून एका जागी राहतो. तू ज्याला दगड म्हणतेस ते आमचे घर. पण घरावरून का कोणी कूळ ठरवते? जवळ ये, पाहा."

तिने डोळे जवळ नेले. त्या लाल फांदीवर इवलाली पांढरी फुले उमलली होती, आणि फुले नव्हती ती. ती तोंडे होती. प्रत्येक तोंडाला आठ हात. पाण्यातून वाहत जाणारे कण ते हात धरत होते आणि तोंडात घालत होते.

"अरे, तुम्ही तर जेवता!" धृपदा म्हणाली.

"दुसऱ्याने केलेले घेतो, तोंडात घालतो, पोटात पचवतो. हत्तीचे तेच, आमचे तेच. म्हणून आम्ही प्राणी."

धृपदाला प्रश्न सापडला. तिने तिथेच पोथी उघडली, रत्नांतून पोवळे खोडले आणि प्राण्यांमध्ये लिहिले. गळ्यातली माळ काढून तिने कड्यापाशी ठेवली. मेलेल्यांची घरे गळ्यात घालून तीन पिढ्या मिरवत होतो, हे तिला फार लागले.

दुसऱ्या साक्षीसाठी ती डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर गेली. तिथे माती चिमूटभर आणि ऊन मात्र अफाट. कातळाच्या ओलसर सांदीत एक रोपटे होते, रुपयाएवढे. त्याच्या पानांना लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. लोक त्याला दवबिंदू म्हणत. धृपदा पाहत असतानाच एक चिलट थेंबावर बसले आणि चिकटले. पान हळूहळू मिटू लागले.

"तू जेवतेस कशी?" धृपदाने विचारले. या वेळी तिने चालण्या-रुजण्याचे नाव काढले नाही.

"माझी चूल आहे," दवबिंदू म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "उन्हाचा जाळ, हवा आणि पाणी. आपले आपण रांधते. सगळ्या हिरव्या बायका असेच करतात."

"मग हे चिलट?"

"या कातळात सत्त्व नाही, बाई. चिलट म्हणजे तोंडी लावणे. पोट भरते ते उन्हावर. ऊन काढून घ्या आणि चिलटांचा ढीग पुढे ठेवा, मी मरेन."

धृपदाने तिला नमस्कार केला आणि पोथीत तिच्या नावापुढे एक खूण केली. वनस्पती होतीच, वनस्पतीच राहिली.

तिसरे मात्र सापडेना. एक नाव आणि दोघे. तिने जुळी फळे पाहिली, झाडावर वाढलेली बांडगुळे पाहिली, गाईच्या पाठीवरचे बगळे पाहिले. सगळ्यांची नावे दोन होती. शिदोरी संपत आली. धनेश आता बोलेनासा झाला होता. रोज तिच्या शिदोरीतला घास चोचीत घेऊन तो ढोलीकडे उडे आणि परत येई, पण परत यायला त्याला रोज अधिक वेळ लागे.

शेवटच्या मूठभर डाळीची आमटी करावी म्हणून तिने दुपारी एका झऱ्याकाठी तीन दगड मांडले. मसाल्याची पुरचुंडी सोडली. लवंग काढली, तमालपत्र काढले, दगडफुलाचा काळपट तुकडा चिमटीत धरला. हात ओले होते. पाणी लागताच तो वाळलेला तुकडा हिरवट झाला आणि म्हणाला, "थांब. फोडणीत घालण्याआधी पोथीत आमचे नाव वाच."

धृपदाने पान काढले. "दगडफूल. फुलांमध्ये लिहिले आहे."

"नावावर गेलीस," तुकड्यातून एक कोवळा आवाज आला. "मी शेवाळे. मी उन्हावर रांधते."

"आणि मी हिचे घर," दुसरा आवाज म्हणाला, जरा जाड. "उघड्या दगडावर ही एकटी दोन दिवस जगली नसती. मी तिला ओल देतो, आसरा देतो. ती मला रांधलेले देते. लोक दोघांना मिळून दगडफूल म्हणतात."

धृपदाने तुकडा डोळ्यांजवळ नेला. "दादा, तू जेवतोस कसा?"

"मला चूल नाही आणि तोंडही नाही. मी धाग्यांनी अन्नाला स्पर्श करतो, बाहेरच्या बाहेर ते जिरवतो, आणि विरघळले की शोषून घेतो. माझे भाऊबंद सगळे असेच. कोणी लाकूड जिरवते, कोणी पाने, कोणी शिळी भाकरी. आधी जिरवायचे, मग खायचे."

कवकनाथाने एका अख्ख्या राज्याची कशी जिरवली ते आठवून धृपदाला तशाही स्थितीत हसू आले. तिने दगडफूल झऱ्याकाठच्या दगडावर नीट ठेवले आणि आमटी त्याच्याशिवाय केली. बेचव झाली. धनेशाने मात्र चोच भरून नेली.

बेहड्याच्या झाडापाशी परत येऊन ती कवकनाथासमोर उभी राहिली.

"मी चुकीचे विचारत होते," ती म्हणाली. "चालता की रुजता, हे विचारायचेच नव्हते. जेवता कसे, हे विचारायला हवे होते. जी रांधतात ती वनस्पती. जे गिळतात ते प्राणी. आणि जे जिरवतात ते तुम्ही. तुमचे कूळ तिसरे."

कवकनाथाने टोपी वर केली. तीन वर्षांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडले.

"लिहा," तो म्हणाला. मग तिने लेखणी काढताच त्याने हात वर केला. "लिहिण्याआधी एक ऐका. तुम्ही लिहिलेत की माझे धागे राज्यभर पसरतील. सगळ्याची माती होईल. सगळ्याची."

"ठाऊक आहे."

"तुमची एक जागा आहे राईत. हवी असल्यास ती वगळता येईल. 'एवढी जागा सोडून' असे लिहा, मी तिथे फिरकणार नाही. मुलगी आहे तशी राहील. त्या चार हातांत गवत उगवणार नाही, पण चार हातांनी राज्याचे काही अडत नाही."

धृपदाने लेखणी परत झोळीत ठेवली. हे त्याने बोलायला नको होते असे तिला वाटले, आणि बोलला हे फार बरे झाले असेही वाटले. शेवटी ती म्हणाली, "राईत जाऊन लिहिते."

तिने जाऊन पाने सारली. ऊन कोवळे होते. राणूचे केस तिने विंचरले आणि वेणी घातली. समुद्र कसा बाजूला झाला, पोवळ्याला आठ हात कसे असतात, चिलट पकडणारे रोपटे किती लहान होते, सगळे सांगितले. राणूला किडे फार आवडत. ती जिवंत असती तर हजार प्रश्न विचारले असते. धृपदा थांबली, प्रश्न येण्याची वाट पाहिल्यासारखी. समोरचा चेहरा तोच होता, कपाळावरची खूण तीच होती, आणि प्रश्न येत नव्हता. तीन वर्षे येत नव्हता. माझी राणू इथे नाही, हे तिने त्या दिवशी मोठ्याने म्हटले.

मग तिने पोथी मांडीवर घेतली. जुनी ओळ खोडली. नवीन पान काढून वर लिहिले: तिसरे कूळ, जिरवणाऱ्यांचे. खाली लिहिले: कवकनाथ आणि त्याचा सारा गोतावळा, मानाने. त्यापुढे काही लिहिले नाही. लेखणी पुसून ठेवली.

पानांखालून पांढरे धागे वर आले. सावकाश आले, कसलीही घाई नव्हती त्यांना. आधी पायांवर, मग हातांवर, आणि शेवटी चेहऱ्यावर त्यांनी पातळ पांघरूण घातले. धृपदा जागची हलली नाही. पांघरूण नाकापर्यंत आले तेव्हा तिने वाकून लेकीच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "माती होवो गं बाय." त्या राज्यात जिवंत माणसाला कोणी असे म्हटले तर भांडण होई. गेलेल्यासाठी याहून मोठा आशीर्वाद नव्हता.

त्यानंतर राज्य रुळावर आले. पाने कुजली, उकिरडे बसले, पडलेली झाडे विरघळून गेली. तुळयाही कुजू लागल्या आणि आंबेही नासू लागले. लोक कुरकुरले, पण भरल्या पोटी कुरकुरले. ताडी आंबली, तेव्हा काहींनी उत्सवच केला. उंबराला फळे धरली. धनेशाच्या बायकोने लिंपलेले दार फोडले आणि दोन पिल्ले बाहेर काढली, एक अंमळ अशक्त, पण दोन्ही जिवंत. पुढच्या मानाच्या दिवशी पटांगणात तीन पंगती बसल्या. तिसऱ्या पंगतीला काय मान द्यायचा यावर राजाने फार विचार केला आणि टोपलीभर पालापाचोळा स्वतःच्या डोक्यावरून वाहून आणला. कवकनाथाने तो आनंदाने स्वीकारला. शाल मात्र परत दिली नाही.

पावसाळा सरता सरता राईतली ती जागा काळी, भुसभुशीत झाली. धृपदाने तिथे बी टोचले नव्हते. कुठले टोचावे हे तिचे ठरतच नव्हते. एके सकाळी पाहते तो तिथे आपोआप एक कोंब आला होता. तिने गुडघे टेकून निरखले. देठ पाहिला, पानाच्या शिरा पाहिल्या, कडा पाहिल्या. राज्यातल्या साऱ्या जिवांची कुळे जिला तोंडपाठ, तिला त्या कोंबाचे कूळ सांगता येईना. पूर्वीची धृपदा असती तर तिने अंदाजाने काहीतरी लिहून टाकले असते. तिने पोथीत एक नवे पान काढले, ते कोरे ठेवले, आणि मोठे होऊन तू स्वतः सांग असे कोंबाला म्हणून ती ओंजळीत पाणी आणायला गेली.

गोष्ट एवढीच. ऐकणाऱ्याच्या शेतात पीक येवो, सांगणाऱ्याला घोटभर ताक मिळो.